डबलबाईंची बारा मिनिटं

आमच्या मोठ्या जाऊबाईंना गावात कोणी नावाने ओळखत नाही. डबलबाई म्हणतात. सव्वीस वर्षं त्या बसमध्ये कंडक्टर होत्या, आणि त्यांनी दोरी दोनदा ओढून डबल बेल दिल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. ड्रायव्हर कितीही घाईत असो, डेपोतले साहेब स्वतः गाडीत बसलेले असोत, आधी माणसं मोजून व्हायची, मग डबल. एकदा वाटेतल्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ मागे राहिले, तर ह्यांनी चार किलोमीटरवरून गाडी परत फिरवली. गाडीतले लोक तोंडाला येईल ते बोलत होते. जाऊबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, की मागे तुम्ही राहिला असता तर काय म्हणाला असता? मग सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

मी त्यांची धाकटी जाऊ. बाजाराच्या रस्त्यावर माझं दोन मशीनचं शिवणाचं दुकान आहे. गोड बोलून दिवस काढायचा माझा धंदा नाही आणि स्वभाव तर नाहीच नाही. तेव्हा हे जे सांगतेय ते रागातच सांगणार. ज्यांना सोसत नसेल त्यांनी सरळ उठून जावं.

आम्ही एकाच घरात राहतो, खाली आम्ही, वरच्या दोन खोल्यांत त्या. त्यांना मोजायची खोडच आहे. दोरीवरचे चिमटे मोजतात, धुतलेले चमचे मोजतात. पाहुणे आले की दारातल्या चपला बघून आत किती माणसं हे न विचारता सांगतात. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, तरी जिन्यात उभ्या राहिल्या की पाय फाकवूनच उभ्या राहतात, जसा काही जिना आत्ता वळण घेणार आहे. घोटे कायम सुजलेले. गळ्यात शिट्टी मात्र वर्षातून एकदाच, लढाईच्या दिवशी.

ही लढाई काय ते आधी सांगते. सातशे वर्षांपूर्वी एक मोठी फौज नदी ओलांडून गावावर चालून आली. नदी जिथे उथळ आहे, गुडघाभर पाण्यात पार करता येते, तिथे गावातले लोहार, सुतार, नावाडी, जे हाताला लागेल ते घेऊन उभे राहिले. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत त्यांनी फौज अडवली. तेवढ्यात बायकामुलं टेकडीपलीकडे निघून गेली. अडवणाऱ्यांतला एकही परत आला नाही. आम्ही सगळे त्या टेकडीपलीकडे गेलेल्यांची पिल्लावळ. म्हणून दरवर्षी नदीकाठच्या मैदानात ती लढाई उभी करतात, आणि गावातली दीडशेएक माणसं तिथे मरून दाखवतात.

जाऊबाईंनी एकदा शाळेतल्या इतिहासाच्या सरांना विचारलं होतं, की त्या दिवशी माणसं मेली किती? सर म्हणाले, असंख्य. जाऊबाई म्हणाल्या, "असंख्य म्हणजे कोणी मोजली नाहीत." सरांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

महोत्सव म्हटलं की लोकांना घोडे आणि नगारे दिसतात. मला दिसतात ते अंगरखे. गादीच्या कापडाचे, आत फोम भरलेले, पडल्यावर बरगडी दुखू नये म्हणून पाठीला दुहेरी. ते मी शिवते. तीन महिने आधीपासून शाळेच्या हॉलमध्ये बैठका सुरू होतात. ढाली कोण रंगवणार, घोडे कुठून शिरणार आणि कुठून बाहेर जाणार, पाण्याच्या बाटल्या कुठल्या झुडपाआड ठेवायच्या, सगळं तिथे ठरतं. कोण कधी मरणार ते जाऊबाई ठरवतात. ज्यांचे गुडघे गेलेत ते पहिल्या हल्ल्यात, कडेला, सावलीत. ब्लडप्रेशरवाले त्यांच्या शेजारी. धडधाकट असतील ते शेवटी, मधोमध. उशिरा मरायला मिळावं म्हणून लोक वशिले लावतात, कारण उशिरा मरणारा फोटोत जास्त येतो. जाऊबाईंकडे वशिला चालत नाही. बँकेतल्या मॅनेजरला त्यांनी सलग चार वर्षं पहिल्या पाच मिनिटांत मारला आहे.

आता ती गोष्ट, जी आमच्या घरात कोणी बोलत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी ही यादीबिदी काही नव्हती. वाट्टेल तेव्हा पडायचं, नगारा वाजला की उठायचं. माझे मोठे दीर डेपोत फिटर होते. दांडगा गडी, हसला की शेजारच्या घरात कळायचं. त्या वर्षी मी शिवलेला पहिलावहिला अंगरखा त्यांच्या अंगावर होता. दुसऱ्या हल्ल्यात ते कुशीवर कोसळले, एक हात अंगाखाली दुमडून. माईकवर आमचे हे होते. म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. दर वर्षी निवेदन हेच करायचे, आवाज चांगला म्हणून. ह्यांनी माईकवरून सांगितलं, "बघा मंडळी, ह्याला म्हणतात मरण. माझा भाऊ आहे, उगाच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नगारा झाला, सगळे उठले, कपडे झटकून चहाच्या टेबलाकडे गेले. आमचे दीर पडूनच होते. लोक म्हणाले, नाटकी आहे, उठेल. पाऊण तासाने ढाली गोळा करणारे आले, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, पण पंधरावीस मिनिटांत आणलं असतं तर बघता आलं असतं. पंधरावीस मिनिटं. आम्ही तेव्हा चहा पीत होतो.

जाऊबाई त्या दिवशी ड्यूटीवर होत्या, दोन गावं पलीकडे. माईकवर काय बोललं गेलं ते आम्ही कोणी त्यांना सांगितलं नाही. ह्यांनी तेव्हापासून माईक हातात धरला नाही, मैदानाकडे फिरकले नाहीत. लढाईच्या दिवशी माझ्या दुकानात बसून कुकरच्या शिट्ट्या साफ करतात. हे कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करतात, खांद्याला पिशवी लावून घरोघरी जातात. घरोघरी बोलतात, घरी बोलत नाहीत.

पुढच्या वर्षी बैठकीला जाऊबाई आल्या, यादी घेऊन. रडल्या नाहीत, भाषण केलं नाही. म्हणाल्या, मेलेल्यांना मी मोजणार. माझी डबल होईपर्यंत कोणी उठायचं नाही. महोत्सव समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांची मान वर होईना, त्यांनी हो म्हटलं.

तेव्हापासून अठरा वर्षं असंच चाललंय. शेवटचा हल्ला संपतो, घोडे बाहेर जातात, नगारा थांबतो. मग जाऊबाई एकट्या मैदानात उतरतात आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे. प्रत्येकाच्या तळव्याला त्या काठीचं टोक लावतात. पडलेल्याने डोळे न उघडता आपला नंबर सांगायचा. मी खूण करते. सगळे नंबर झाले, बेरीज जुळली, की शिट्टी दोनदा. मग मेलेले उठतात. बारा मिनिटं लागतात. पहिल्या वर्षी लोक कुजबुजत होते. आता एवढं मैदान भरलेलं असतं आणि कोणी खोकत नाही. बाहेरगावचे विचारतात, ह्या बाई कोण, सातशे वर्षांपूर्वीच्या का? आमचे लोक त्यांना गप्प करतात. दोनदा खरोखर उपयोगही झाला. एकदा न्हाव्याची शुद्ध हरपली होती, एकदा टपालवाल्याची साखर उतरली होती. दोघंही आज हिंडून फिरून आहेत आणि दोघंही दर वर्षी मरायला येतात.

आणि ह्या वर्षी आले आमचे नवे अध्यक्ष.

फरशांचं मोठं दुकान आहे त्यांचं, म्हणून गाव त्यांना फरशीवाले म्हणतं. माणूस वाईट नाही असं लोक सांगतात. असेल. गुळगुळीत आहे, त्यांच्या मालासारखा. त्यांनी चॅनेलवाल्यांना आणलं, थेट प्रक्षेपण ठरवलं, मोठे पाहुणे ठरवले, शहरातून पगारी निवेदक बोलावला. लढाईच्या पंधरा दिवस आधीच्या बैठकीत त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली. शेवटचा हल्ला, नगारा, सगळे वीर उठून उभे, लगेच पाहुण्यांचं भाषण. मी वहीतून मान वर केली. म्हटलं, आणि मोजणी?

ते हसले. फार आदराने बोलले, हेच मला जास्त झोंबलं. म्हणाले, वहिनींबद्दल आपल्या सगळ्यांना आदर आहे. पण थेट प्रक्षेपणात बारा मिनिटं काहीच घडत नाही, एक बाई काठी घेऊन फिरतेय, लोक चॅनेल बदलतील. आपण हजेरी मैदानात शिरतानाच घेऊ. आणि वहिनींचा स्टेजवर सत्कार करू, पाहुण्यांच्या हस्ते.

जाऊबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मोजणार कोण?"

"मोजायची गरज काय, वहिनी? सगळे उठतातच ना."

"एकदा सगळे नव्हते उठले," जाऊबाई म्हणाल्या.

चाळीस माणसं बसली होती. त्यांतल्या निम्म्यांच्या तळव्याला ह्या बाईने अठरा वर्षं काठी लावली आहे. सगळे तोंडात गुळणी धरून बसले. न्हावी आपली नखं बघत होता. टपालवाला भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होता. आणि माझा नवरा, सख्खा दीर त्यांचा, शेगडीचा बर्नर बसवायला हॉलच्या स्वयंपाकघरात आला होता तो, दारात उभा राहून ऐकत होता. सगळं ऐकलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि अध्यक्षांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही, सभ्य लोकही ऐकत असतील. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढचा विषय घेतला, गाड्या कुठे लावायच्या. जाऊबाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. बैठक संपल्यावर त्यांनी यादी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. एकशे त्रेचाळीस नावं, कोण कुठे पडणार त्याच्या खुणांसकट. म्हणाल्या, निदान गुडघेवाल्यांना सावलीत पाडा.

घरी आल्यावर मी ह्यांची पूजाच बांधली. म्हटलं, तुमचा भाऊ गेला त्या मैदानात. तुमच्या वहिनीचा सगळ्यांसमोर अपमान झाला आणि तुम्ही शेपूट घालून निघालात. एकोणीस वर्षं गप्प आहात ते आहात, निदान एक दिवस तोंड उघडलं असतं तर जीभ झडली असती का? हे मिक्सरचं भांडं तपासत होते. म्हणाले, रबर गेलंय ह्याचं. मी ते भांडं त्यांच्या हातातून घेतलं आणि मोरीत फेकलं. रबर तर गेलंच होतं, आता दांडाही गेला.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा समोर आदळायचे आणि मशीनवर जाऊन बसायचे. हेही सकाळी निघायचे ते दिवस मावळता यायचे. एवढं फिरून पिशवी रिकामी. एकही कुकर नाही, एकही मिक्सर नाही. मला वाटलं, तोंड चुकवत हिंडतोय माणूस. मनात म्हटलं, हिंड.

जाऊबाई मात्र रागावतसुद्धा नव्हत्या आणि त्याचा मला आणखीच राग येत होता. मी म्हटलं, तुम्ही काही करत का नाही? म्हणाल्या, काय करू, गाडी माझी नाही आता. दोरीवरचे चिमटे मोजत होत्या. बारा निघाले. पुन्हा मोजले. पुन्हा बाराच. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. कोणीतरी राहील." एवढं एकच वाक्य. मी त्यांच्या शेजारी बसले.

लढाईच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी प्रेक्षकांत बसलो, लाकडी फळ्यांच्या चौथ्या रांगेत. मी जाणार नव्हते. जाऊबाई निघाल्या म्हणून गेले. शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती, दोरीसकट. सत्काराला त्यांनी आधीच नाही कळवलं होतं. ऊन मरणाचं होतं. स्टेजवर पाहुणे, खाली कॅमेरे आणि तो पगारी निवेदक एकसारखा ओरडत होता, जणू मैदानातले सगळे बहिरे आहेत.

लढाई चांगली झाली, खोटं कशाला बोलू? पहिल्या हल्ल्यात कडेचे पडले. अध्यक्षांनी गुडघेवाल्यांना सावलीत पाडलं होतं, तेवढं ऐकलं. दुसऱ्यात मधले पडले. जाऊबाईंचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन. इतक्या लांबून मोजता येत नाही, धूळ होती, घोडे मध्ये येत होते, तरी मोजत होत्या. तिसरा हल्ला झाला, घोडे बाहेर गेले, सगळे पडले. नगारा वाजला.

निवेदक ओरडला, की उठा वीरांनो, इतिहास तुम्हाला हाक मारतोय.

कोणी उठलं नाही.

नगारा पुन्हा वाजला. निवेदकाने पुन्हा इतिहासाला हाक मारायला लावली. मैदानात एकशे त्रेचाळीस माणसं पालथी, उताणी, कुशीवर पडलेली, एकाचंही बोट हलेना. माझ्या मागची बाई म्हणाली, डबल कुठे झाली अजून? स्टेजवर पाहुणे उभे राहिले होते, ते परत बसले. अध्यक्षांनी दोन कार्यकर्ते पिटाळले. ते मैदानात जाऊन एका सुताराच्या कानाशी वाकले आणि तसेच परत आले. मागाहून कळलं, सुतार डोळे मिटूनच म्हणाला होता, डबल झाली नाही.

माझ्या सगळ्या रागाचं समाधान त्या क्षणी झालं. मी जाऊबाईंचा हात धरला आणि म्हटलं, बसा गप्प. अजिबात हलू नका. होऊ दे शोभा. सगळ्या जगाला थेट दिसू दे. खरं सांगते, ते पाहुणे तिथेच वितळून गेले असते तरी मला चाललं असतं.

अध्यक्ष घामाने निथळत आमच्या रांगेपाशी आले. माईक त्यांच्या हातात तसाच चालू होता, त्यांच्या लक्षात नव्हतं. म्हणाले, "वहिनी, काय चाललंय हे? सांगा त्यांना उठायला."

जाऊबाईंनी विचारलं, "मोजणार कोण?"

ते शब्द चारही कर्ण्यांतून मैदानभर गेले. अध्यक्षांनी माईककडे बघितलं. मग स्टेजकडे बघितलं, मग त्या पडलेल्या माणसांकडे. "तुम्हीच," ते म्हणाले. तेही मैदानभर गेलं.

मी म्हटलं, जाऊ नका. पंधरा दिवसांपूर्वी नको होतात, आता कशाला? जाऊबाई उठल्याच होत्या. म्हणाल्या, माणसं उन्हात पडलीत. मग मीही उठले, काय करते? पर्समध्ये जुनी वही होतीच. काठी नव्हती, तर एका प्रेक्षकाने आपली छत्री दिली.

सावलीतल्या कडेपासून त्यांनी सुरुवात केली. छत्रीचं टोक तळव्याला लागलं की पडलेला नंबर सांगत होता. एक. दोन. तीन. मॅनेजरचा आठवा. न्हावी म्हणाला सत्तावीस आणि हळूच पुढे म्हणाला, कुकरवाले घरी येऊन गेले होते. मला कळेना. सुताराने अठ्ठावन्न सांगितला आणि पुटपुटला, कुकरवाल्यांनी पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, वहिनी, आम्हालाच लाज वाटली. टपालवाल्याने नुसता नंबर सांगितला, पण त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा दिवस. रिकामी पिशवी. दिवसाला नऊदहा घरं. प्रत्येक दारात उभं राहून माझा तो न बोलणारा नवरा एकच गोष्ट मागत फिरत होता, आणि मी त्याच्यासमोर चहा आदळत होते. मला स्वतःचा असा राग आला की पेन्सिलीचं टोक वहीत मोडलं.

एकशे त्रेचाळीस नंबर झाले. बेरीज जुळली. मी हुश्श केलं. जाऊबाईंनी शिट्टी तोंडाशी नेली आणि थांबल्या. पाण्याच्या अगदी कडेला आणखी एक जण पडलेला होता.

कुशीवर, एक हात अंगाखाली दुमडून.

अंगरखा मी ओळखला. ओळखणारच. मी शिवलेला पहिला होता तो. दवाखान्यात छातीवर फाडला होता, तो मला पिशवीत घालून परत दिला होता. तो तसा फाटका ठेवणं मला जमलं नाही, म्हणून मी रात्रीतून शिवला होता, हाताला लागेल त्या धाग्याने. निळ्या कापडावर लाल टाका. एकोणीस वर्षं तो दुकानाच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी होता. जाऊबाईंनी तो दवाखान्यात फाडलेला पाहिला, त्यानंतर नाही. पण छातीवर फाडलं होतं नेमका तिथलाच लाल टाका बघून त्यांना काही सांगावं लागलं नाही.

त्या चालत तिथवर गेल्या. छत्रीचं टोक तळव्याला लावलं.

उत्तर आलं नाही.

पुन्हा तेच, त्याच मैदानात, त्याच कपड्यात. जाऊबाईंनी दुसऱ्यांदा टोक लावलं.

"एकशे चव्वेचाळीस," आमचे हे म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. रडत होते, म्हणून आधी निघाला नव्हता.

"तुम्ही यादीत नाही, भाऊजी."

"माहितीये." ह्यांनी डोळे उघडले नाहीत. "वहिनी, त्या दिवशी माईक माझ्या हातात होता. मीच म्हणालो, बघा, ह्याला म्हणतात मरण. मी टाळ्या वाजवायला लावल्या."

पाण्याचा आवाज येत होता. लांब तो निवेदक माईकवर काहीतरी बोलत होता, आमचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मला पंधराव्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच गाडीत. एक प्रवासी दुसऱ्याला सांगत होता. मी त्याचं तिकीट फाडत होते."

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं ह्या बाईने त्या माणसाला रोज सकाळी वरून हाक मारून चहाला बोलावलं होतं. बशीत ओतून दिला होता, त्याला गरम सोसत नाही म्हणून. हे माहीत असून. आणि तो बिचारा रोज वर जाऊन तो चहा प्यायला होता, तिला माहीत नाही असं समजून. मला दोघांचाही एवढा राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मी तशीच वही छातीशी धरून उभी राहिले.

हे उठायला लागले. जाऊबाईंनी छत्रीचं टोक त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. "डबल झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

मग त्यांनी माझ्या हातातली वही घेतली. माझी पेन्सिल मोडली होती, तर मोडक्या टोकानेच दाबून दाबून सगळ्यांत खाली ह्यांचं नाव लिहिलं आणि पुढे आकडा घातला. एकशे चव्वेचाळीस. बेरीज खोडून नवीन केली. बोट ठेवून एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतली. मैदानात अजून कोणी हललं नव्हतं.

शिट्टी वाजली. एक. दोन.

माणसं उठली. धूळ झटकली, एकमेकांना हात देऊन उभं केलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. स्टेजवर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि चॅनेलवाल्यांनी कॅमेरे तिकडे वळवले. आमचे हे मात्र उठू शकत नव्हते, एक हात अंगाखाली दबून बधिर झाला होता, गुडघेही धरले होते. मी पुढे झाले. जाऊबाईंनी मला हाताने मागे सारलं. त्या पाय फाकवून तिथेच उभ्या राहिल्या, शिट्टी मुठीत धरून, आणि हे आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.